चार बोटं जास्तीची

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. दादा-वहिनीकडे बरे आहात ना? गुडघ्याला तेल लावता की नुसती बाटली उघडून वास घेता?

आमच्या औद्योगिक वसाहतीला लवकरच पन्नास वर्षं होताहेत. ऑफिसातर्फे पुस्तिका निघणार आहे आणि ती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या रांगेची मोजणी माझ्या वडिलांनीच केली, असं सांगितल्यावर साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच. तेव्हा आठवेल ते सगळं लिहून पाठवा.

आता जिवाला लागलेली गोष्ट. रांगेतला शेवटचा, एक्केचाळीस नंबरचा प्लॉट इतकी वर्षं सायकली लावायला होता. तो आता एका शीतगृहवाल्यांना दिलाय. त्यांनी मोजला तर दहा फूट कमी! फाटकापासून नकाशाप्रमाणे मोजत गेलं तर शेजारच्या चाळीस नंबरची भिंत दहा फूट पुढे आलेली दिसते. आणि चाळीस नंबर म्हणजे आपल्या मामाचं लेथचं शेड. भिंत मागे घ्या, अशी त्याला नोटीस आलीय. पण शेड मोजलं तर शंभर फूटच भरतं, वर फार तर चार बोटं. मग दहा फूट गिळले कुणी?

मामा तर तोंडाला कुलूप लावून बसलाय. भिंत जुनीच झालीय, पाडू देत म्हणतो. लेथचा पाया त्याच भिंतीला लागून आहे, हे त्याला मी सांगायचं का? वर मला बजावलंय, दाजींना यातलं काही कळवू नकोस. म्हणून कळवतेय.

रागावू नका आणि माया पातळ करू नका.
तुमची भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तेल लावतो. वासही घेतो.

आम्ही गेलो तेव्हा तिथे फाटक नव्हतं, रस्ता नव्हता. खडक, काटेरी झुडपं आणि ऑफिस म्हणून एक तंबू. शंभर फुटी लोखंडी साखळी, ती ओढायला दोन माणसं आणि मी. शंभर फूट मोजायचे, खुंटी ठोकायची, चुन्याची रेघ ओढायची, की पुढचा प्लॉट. पहिल्या नंबरात कुलपांचा कारखाना आला. कारखान्याच्या आधी त्याचा भोंगाच येऊन बसला होता, आणि मालक तो रोज वाजवून बघायचे. मग स्प्रिंगा, छत्र्यांच्या काड्या, बिस्किटं. बिस्किटवाल्यांच्या भट्ट्या पेटल्या की दहा वाजताच अख्ख्या रांगेला भूक लागायची.

चाळीस नंबर तुझ्या मामाला मिळाला तेव्हा तो बावीस वर्षांचा टर्नर होता. एक जुनं लेथ आणि खांद्यावर टॉवेल, एवढंच भांडवल. वसाहतीतल्या निम्म्या यंत्रांचे मोडलेले दाते त्यानं नवे करून दिलेत, हे पुस्तिकेत ठळक घाल. पुढे सूतगिरणी बंद पडून तिथे औषधांची गोदामं झाली, ते तुझ्या डोळ्यांसमोरच घडलं.

नोटिशीचं ऑफिस बघून घेईल. तू त्यात पडू नकोस.

जपून राहा, जेवत जा.
बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

भोंग्याचा किस्सा ऑफिसात सगळ्यांनी दोनदा वाचला. पण बाबा, मी विचारलं काय आणि तुम्ही त्यावर लिहिलंत किती! तुम्ही एखादी गोष्ट टाळलीत की मला लहानपणापासून कळतं. दर रविवारी मला आणि आईला मामाच्या शेडाशी सोडायचात आणि स्वतः बाहेर झाडाखाली उभे राहायचात. लोखंडाच्या वासानं डोकं चढतं म्हणायचात. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

काल गेले तर मामा लेथच्या पायाचे बोल्ट सैल करत बसला होता. पायावरून उचललेलं लेथ पुन्हा तसं बसत नाही, हे त्यानंच मला शिकवलंय. मला रडू फुटलं, तेव्हा त्यानं चिंध्यांतून त्यातल्या त्यात स्वच्छ चिंधी शोधून दिली. भिंत पाडायला पाच तारखेला माणसं येणार आहेत. तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. माझ्यासाठी नको, आईच्या भावासाठी सांगा.

उत्तराची वाट बघतेय.
भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत माझ्या सहीचा कागद आहे, तो साहेबांच्या हातात दे. त्यातलंच तुला इथे सांगतो, कारण तुला ते माझ्याकडून कळायला हवं.

ते दहा फूट मी गिळले. साखळी वापरून वापरून ताणते. म्हणून रोज सकाळी तंबूबाहेर खडकात बरोबर शंभर फुटांवर ठोकलेल्या दोन खिळ्यांमध्ये ती धरून तपासायची असते. अर्धा तास जातो. त्या हिवाळ्यात तो अर्धा तास मी बसथांब्यावर घालवला. तुझी आई तिथून शाळेत शिकवायला जायची. आमचं लग्न ठरलं होतं, पण घरच्यांसमोर धड दोन वाक्यं बोलता येत नव्हती. तपासणीच्या वहीत मी रोज 'बरोबर आहे' असं लिहीत राहिलो.

साखळी तीन इंच लांबली होती. प्रत्येक प्लॉट चार बोटं मोठा झाला आणि चाळीस प्लॉटांची ती चार-चार बोटं शेवटच्यातून गेली. मला उमगलं तेव्हा भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. घाबरलो. नंतर लाज वाटत गेली. मामाच्या शेडात शिरायचं म्हटलं की ती शेवटची भिंत डोळ्यांपुढे यायची. लोखंडाच्या वासाचं खोटं होतं.

आईलाही कधी बोललो नाही. तिनं सगळा दोष स्वतःकडे घेतला असता. मामाला हे तूच सांग पोरी. त्याच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.

तुझे, चुकलेले,
बाबा


९ मार्च

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. कागदाला तेलाचे डाग लागलेत, चालवून घ्या.

भिंत आहे तिथेच आहे. साहेबांनी तुमचा कागद वाचून पहिल्या नंबरापासून पुन्हा मोजायला लावलं. प्रत्येक शेड चार बोटं जास्त निघालं. भिंती पाडत बसण्यापेक्षा नकाशाच सुधारायचा ठरलाय. शीतगृहवाले दहा फूट कमी घ्यायला राजी आहेत. भिंगरी तुमचं ते पत्र पुस्तिकेत छापते म्हणत होती, तिला मी दम दिलाय.

आता माझं ऐका. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी टर्नर माणूस, केसाच्या जाडीवर पोट भरणारा. लेथ बसवायला जागा मोजली तर चार बोटं जास्त. म्हटलं माझी टेप चुकली. शेजारचं मोजलं, पलीकडचं मोजलं, सगळीकडे तेवढीच. साखळी ताणलीय आणि ती कुणी तपासत नाही, हे कळायला काय लागतं? तपासणारा कुठे असतो तेही ठाऊक होतं. आक्का तेव्हा बसच्या अर्धा तास आधी घरातून निघायची आणि बस वेळेवर आली की चिडायची. तिला इतकं खुश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती आणि लग्नही बारगळलं असतं. गप्प बसलो. तिलासुद्धा सांगितलं नाही.

तुम्ही बाहेर झाडाखाली उभे राहायचात, तेव्हा मला वाटायचं, दाजींना आपले काळे हात आवडत नाहीत. फार वाईट वाटायचं. आज लिहून टाकतो.

लेथ आणि भिंत यांच्यामध्ये तेल घालायला माझा हात जेमतेम जातो. ती चार बोटं नसती तर गेला नसता. रोज सकाळी तिथे हात घातला की मला आक्काचं लग्न आठवतं.

सैल केलेले बोल्ट अजून तसेच आहेत. आवळायचे तर दुसऱ्या बाजूनं पाना धरायला माणूस लागतो. इथे माणसं पुष्कळ आहेत, पण मी थांबलोय. या, आणि या वेळी आत या.

लोभ होताच, आहेच.
तुमचा मेहुणा