ट्रेखालचं पाणी

महाळुंगे,
४ मार्च २०२५

चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद.

तू लॅबमधली मोठी मॅडम, म्हणून या डब्यात मिरचीची मेलेली रोपं पाठवतेय. हसू नकोस. माझ्या नर्सरीतले निम्मे ट्रे आडवे झालेत. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी बुडाशी काळं पडून कोलमडतं. बुरशीचं औषध तीनदा मारलं, ढिम्म फरक नाही. पाण्याची तर मी कधीच हयगय करत नाही. आष्टीच्या दुष्काळात वाढलेली बाई मी. ट्रेखाली गळलेलं पाणीसुद्धा टबात धरते आणि पुन्हा रोपांनाच घालते.

तुझे काका म्हणतात, बंद कर आणि कंपनीच्या कँटीनला लाग. सोमवारी येते म्हणून सांगूनही टाकलंय. बारा वर्षांची नर्सरी गं, जीव तुटतो. माझ्या हाताचा गुणच गेला बघ.

उत्तराला आळस करू नकोस.

तुझी
सावित्रीमावशी


सांगवी,
७ मार्च २०२५

ती. सावित्रीमावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून कागद. हाताला काही झालेलं नाही तुझ्या! ही बुरशीच नाही. दिसते तशी, पण नातं शेवाळाशी. शास्त्रज्ञही पूर्वी हिला बुरशीतच धरायचे. मग कळलं, हिच्या पेशीची भिंत झाडासारखी सेल्युलोजची आहे. म्हणून तर तुझं औषध वाया गेलं. नाव पिथियम. तुझं रोप पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दोन-दोन शेपट्यांचे बीजाणू चक्क पोहत होते.

रागावू नकोस, पण आजारी ट्रेचं पाणी टबात धरून तूच ते चांगल्या रोपांपर्यंत नेत होतीस. टब ओतून टाक. मेलेली रोपं कोकोपीटच्या भुशासकट फेक, ट्रे ब्लीचिंगच्या पाण्यात धू. आणि कँटीनला नाही म्हणून कळव. तुझ्या हातचं वरण खाणाऱ्या कामगारांची मला दया येते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी
तेजू


महाळुंगे,
२ एप्रिल २०२५

चि. तेजूस आशीर्वाद.

वरणाचं नंतर बघते तुझ्याकडे! नवी रोपं वीस दिवसांची झाली, एकही आडवं नाही. कँटीनला गेले नाही. काका दोन दिवस बोलले नाहीत, आता शिफ्टवरून आले की तेच ट्रे धुतात.

पण टब ओतायला हात होईना गं. त्यात तुझी आजी आष्टीहून आलेली. लहानपणी तांब्याभर पाणी सांडलं म्हणून तिनं मला बदडलंय. दुपारी ती आडवी झाल्यावर ओतायला घेतलं, तर पकडलंच तिनं. केवढी ओरडली! मी सांगितलं, आई, यात रोग पोहतोय, माझी रोपं यानंच मेली. तिनं टबात वाकून पाहिलं. मग पदर खोचला आणि उरलेला टब स्वतः उपडा केला. म्हणाली, पाणी न सांडायची शिकवण माझी, तर सांडायचंही मीच. दोघी रडलो.

पत्रं पाठवत जा, लेकरा. जीव सुखावतो.

तुझी
मावशी