रविवारचा पाय

प्रिय बेडके,

पत्र बघून घाबरू नकोस आणि हसूही नकोस. आईच्या डोक्यावर परिणाम झाला असं तुला वाटेल, पण दुसरा मार्गच उरला नाही. घर एवढंसं, बाबांचे कान तिखट. फोनवर कुजबुजले तरी त्यांना पलंगावर ऐकू जातं, आणि माझा मोबाईल दिवसभर त्यांच्याच हातात असतो. म्हणून पोहण्याच्या तलावाच्या काऊंटरवर बसून लिहिते आहे. दुपारची बॅच गेली, लॉकरच्या किल्ल्या खुंट्यांवर लागल्या, ओले टॉवेल टोपलीत पडलेत. बाबांच्या जागी आलेले नवे सर मुलांना शिकवतात कमी आणि शिट्टी फुंकतात जास्त. बाबांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, याला ट्रॅफिकमध्ये उभा करा.

काल या सरांच्या वर्गातल्या एका मुलीच्या पोटरीत पाण्यातच गोळा आला. तिचा आरडाओरडा ऐकून मी काऊंटर सोडून धावले. तुला आठवतं, बाबा हात-पाय मारायला शिकवायच्या आधी हेच शिकवायचे. गोळा आला की धडपडायचं नाही, पाठीवर तरंगायचं, पायाचा अंगठा धरायचा आणि स्वतःकडे ओढायचा. तू लहानपणी भोकाड पसरलं होतंस तेव्हा त्यांनी तुला काठावर बसवून पोटरी चोळली होती आणि सांगितलं होतं, गोळा जिवंत पायालाच येतो, लाकडाला येत नाही, तेव्हा आनंद मान. तू नाक पुसत पुसत आनंद मानलास. बापाचं सगळंच तुला खरं वाटायचं.

जन्मभर पाण्यात वावरलेला माणूस पडला तो कोरड्या ठणठणीत जिन्यावर. बल्ब बदलायला चढले आणि पाठीवर आले. कमरेखालचं अंग लुळं पडलं, त्यानंतरचं तुला माहीत आहेच. हॉस्पिटलमध्ये चादर बदलताना त्यांचा उजवा पाय ताडकन उडाला, तेव्हा तू खोलीतच होतीस. तू सिस्टरला मिठी मारलीस. ती बिचारी काहीतरी सांगत होती, होतं असं कधी कधी, पण ऐकतो कोण? बाबा ओरडत होते, बघा, गोळा आला, पाय जिवंत आहे! मलाही जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. पोहणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं काही मनात येणं शक्यच नव्हतं.

मग सुरू झाला सराव. बाबांनी स्वतःच्या पायाला पोरासारखं वर्गात घेतलं. तळव्याला गार कापड लावायचं, पाय उडाला की थोडी विश्रांती, पुन्हा कापड. पाय दिवसेंदिवस जास्त उडायला लागला आणि आम्हाला वाटलं, पोरगं शिकतंय. तू दर रविवारी फोनवर विचारायचीस, आज किती हलला, दाखवा ना. मी मोबाईल पायाशी धरायचे, बाबा म्हणायचे, हा बघ, आणि पाय उडायचा. तू टाळ्या वाजवायचीस. त्या आनंदाच्या भरात तू दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलंस. लिफ्ट नाही तर नाही, बाबा तोवर जिने चढतील म्हणालीस. त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. पोटात गच्च झालंय म्हणाले.

आता तुला न दिसलेलं सांगते. मोबाईलमध्ये तुला गुडघ्याखालचा पाय दिसतो. वर मांडीवर बाबांचा हात असतो. हा बघ म्हणताना ते मांडीवर थाप मारतात, तेव्हा पाय उडतो. थाप मारली नाही तर तू कितीही एक-दोन-तीन म्हण, तो हलत नाही. आणि त्यांनी नको म्हटलं तरी तो भलत्या वेळी उडतो. खोकला आला तरी उडतो. गेल्या महिन्यात त्याने बाबांना चाकाच्या खुर्चीतून खाली फेकलं. मी आणि शेजारचा सुतार, दोघांनी मिळून उचललं. बाबा सुताराला हसून म्हणाले, पाय फार तयारीचा झालाय. सुतार गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं, त्याला आता बरेच दिवस झाले. मेंदूचा निरोप कमरेखाली पोचतच नाही. खालचा पाय आपल्या आपण दचकतो. घरात कोणी नसताना बेल वाजावी, तसं. तुम्हा-आम्हाला गोळा येतो तो थकव्याचा, चोळला की जातो. हा वेगळा, आणि हा पाय चालायला शिकणार नाही. हे ऐकून बाबा एवढंच म्हणाले, बेडकीला सांगायचं नाही. मी म्हटलं, कधीतरी कळेलच. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालू आहे बाई.

परवा पहाटे माझ्याच पोटरीत गोळा आला. मी कळवळून उठून बसले. बाबा पलंगावरून जुन्या सवयीने ओरडले, अंगठा धर, स्वतःकडे ओढ! ओढला, गेला. मग ते हळूच म्हणाले, नशीबवान आहेस, तुला दुखतं तरी. मी चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. खरं सांगू? मला आता कसलीच आशा वाटत नाही. सकाळी डोळे उघडले की आधी त्यांच्या टाचेची आठवण येते.

टाच. पाय उडून उडून चादरीवर घासतो, त्याने टाचेला जखम झाली आहे. त्यांना ती दुखत नाही, म्हणून मलाही उशिरा कळलं. जखमेमुळे पाय जास्त उडतो आणि पाय उडाला की जखम वाढते. आता आत हाड दिसतं. दोनदा ताप येऊन गेला. तुला सर्दी-ताप सांगितला तो हाच. पाय शांत करायच्या गोळ्या देऊन बघितल्या, तर बाबा दिवसभर गुंगीत. मला ओळखेनात, पण रविवारी गोळी टाळायचे, तुझ्या फोनसाठी. डॉक्टरबाई आता एकच इलाज सांगतात. पाठीच्या कण्यात औषध सोडून त्या नसा कायमच्या गप्प करायच्या. पाय पुन्हा उडणार नाही, कधीच नाही. मग जखम भरेल, खुर्चीत बसता येईल. नाही केलं आणि जखमेचं विष रक्तात गेलं, तर पुढचा ताप उतरेलच असं नाही.

बाबा सही करत नाहीत. डॉक्टरबाईंनी सांगून झालं, मी हात जोडले, रागावले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. काल शेवटी मी ओरडलेच, मरायचंय का तुम्हाला? तेव्हा म्हणाले, पाय थांबला तर रविवारी पोरीला काय दाखवू? ती वाट बघत असते.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी फोन कर, पण पाय दाखवा म्हणू नकोस. ते दाखवायला लागले तर बघू नकोस. त्यांना सांग की ते चालतील याची वाट बघणं तू सोडून दिलंस. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस, आणि आवाज कापला तर कापू दे. मला ठाऊक आहे, मी काय मागते आहे. त्यांना स्वतःसाठी आशा उरलेली नाही गं, ते फक्त तुझ्यासाठी पाय हलवत बसलेत. तू सोड, म्हणजे ते सोडतील.

तुझीच,
आई