आईचे सकाळचे हात

॥ श्री ॥
मुलुंड, ८ जानेवारी १९८६

चि. शुभास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि कोकमं पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण बोटं वळत नव्हती. गेले चार महिने सकाळी उठले की हात लाकडासारखे होतात. साडेपाचला पाणी येतं, पण बादलीची कडी धरवत नाही. भावजी तुझे चिडवतात, ‘राणीसाहेब दहानंतर कामाला लागतात’ म्हणून, आणि स्वतःच पाणी भरतात. ऑफिसात मात्र सकाळची पत्रं चुकीची टाइप होतात आणि साहेब लाल रेघा मारून परत पाठवतात. वाट लागलीय गं.

शेवटी पाच रस्ता चौकातल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, अंग आखडणं पाच-दहा मिनिटांत गेलं तर काळजी नाही. तासाच्या वर राहिलं तर सांध्यांना सूज आहे, हा संधिवात. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू मूठ मिटायची, उघडायची. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी नाही म्हटलं आणि जिना उतरताना थांबलेच.

शुभा, आई सकाळी चुलीपुढे गरम तांब्याला हात लावून बसायची, आठवतं? आईला गावी ठेवून दादा इकडे गिरणीत, घरात राज्य मोठ्या काकीचं. ती सगळ्यांदेखत आईला आळशी म्हणायची. मॅट्रिकच्या परीक्षेला निघताना मला डबा मिळाला नाही, तेव्हा मीही तेच म्हणाले होते. आईने मान वर केली नाही. तिचेही हात असेच आखडायचे का, तिला विचारशील?

तुझी माया आहेच, ती पत्रातून येत राहू दे.
तुझी ताई, वनमाला


कणकवली, १७ जानेवारी १९८६

ती. ताईस शुभाचा शि. सा. न.

पत्र आईला वाचून दाखवलं. तुझ्या हातांचं ऐकून तिने डोळे पुसले, स्वतःचं विचारलं तर उठून चुलीकडे गेली. दोन दिवसांनी अंगणात मिरच्या निवडताना मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, “दुखता म्हणान सांगलंय असतंय, तर वनाक शाळेतसून काढून चुलीम्होरं बसयल्यानी असतां.”

एवढंच बोलली आणि मिरच्या निवडत राहिली. ताई, मी आत जाऊन रडले. काकीने दिलेलं ‘आळशी’ हे नाव तिने तुझ्या शाळेसाठी मुद्दाम चालू दिलं गं.

तिला तुझ्या डॉक्टरांकडे पाठवायचं म्हटलं, तर नको म्हणाली, या वयात कसली औषधं. मग मी सांगितलं की वनाला सकाळी हाताखाली माणूस हवं आहे. लगेच ट्रंक काढली. रविवारच्या एस.टी.ने हे तिला घेऊन येतील. आल्यावर तिच्याशी भांडू नकोस, रडूही नकोस. तिला दोन्ही आवडत नाही.

भावजींना नमस्कार. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
तुझी शुभा


मुलुंड, ९ फेब्रुवारी १९८६

चि. शुभास अ. उ. आ.

आई सुखरूप आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरात तिचंच राज्य आहे. सकाळी एकाच घमेल्यात कोमट पाणी घेऊन आम्ही दोघी हात बुडवून बसतो. मला माफी मागायची होती. मी सुरुवात केली, तर म्हणाली, मूठ मीट आधी, पाणी निवतंय. माझी बोटं आता तासाभरात सुटतात.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला. वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत, पण दुखणं पुष्कळ कमी करता येईल, म्हणाले. किती वर्षं दुखतंय, असं त्यांनी विचारलं. आईला सालं कुठली माहीत? तिने थोडा विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ही पाचवीत गेली तेव्हापासून.

डॉक्टर पेन धरून थांबले. आकडा मलाच सांगावा लागला. तीस वर्षं.

जवळ असतीस तर बरं झालं असतं. लवकर लिही.
तुझी ताई