भरलेली ओळ

३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला, हातात मावणारा एक खेळ पाठवते आहे. राखाडी पडदा, चार बटणं. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून फट न ठेवता रचायचे. औषधांच्या गोदामात बावीस वर्षं खोकी रचणाऱ्या बाईला मी रचणं काय शिकवणार? पण वीस तारखेला तुझी नव्या स्कॅनरवर परीक्षा आहे आणि जमलं नाही तर घरी बसवतील, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तुझी बोटं बटणांना बिचकतात, एवढंच. रोज अर्धा तास खेळ. शिकताच येत नाही असं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. बाबांच्या हाती देऊ नकोस, परत मिळणार नाही.

तुझे आशीर्वाद आहेतच, पण पत्रही पाठव.
तुझी शहाणी

८ मार्च

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

खेळणं मिळालं, पण दुकानदारानं तुला टोपी घातली. ते बिघडलेलं आहे. जीव लावून एक ओळ भरली, तर अख्खी ओळच गायब. माल गेला कुठे? आमच्याकडे असं झालं तर माझ्या नावावर तूट लागते. मग मी उपाय काढला. प्रत्येक ओळीत एक घर मुद्दाम रिकामं ठेवते. ओळ भरत नाही, माल जागेवर राहतो. पण ढीग छताला टेकला की खेळ बंद पडतो. तुझे बाबा म्हणाले, तुझ्या शिस्तीपुढे यंत्रानंही मान टाकली. मी म्हटलं, तुम्ही तीस वर्षांपूर्वीच टाकली, आता सोबत मिळाली.

ते हसतात, पण जेवताना किती दिवस राहिले ते विचारतात. मीही कालपासून कपाट तीनदा लावलं.

जपून राहा, खात जा.
तुझी आई

१२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. अगं, ओळ गायब होणं म्हणजेच जिंकणं! माल गाडीत चढून रवाना झाला असं समज आणि फट ठेवू नकोस.

इथे प्रौढांच्या वर्गात मी फळ्यावर एकाच ओळीत दोनदा 'गोदाम' लिहिलं. शिकायला येणारे एक आजोबा म्हणाले, बाई, एकदा घरी जाऊन या. रजा टाकू का? तुझ्या साहेबांना भेटून सांगते की वेळ दिला तर प्रत्येक बाई शिकेल. अर्ज लिहून तयार आहे, तीन पानी.

उत्तराची वाट पाहते, दाराशी उभी राहूनच.
शहाणी

२१ मार्च

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

परीक्षा झाली. तुझ्या ठोकळ्यांनी अंगठे सुटले होते, स्कॅनरची भीती वाटली नाही. तीन कप्पे भराभर झाले. चौथ्यात यंत्र म्हणालं चाळीस खोकी, माझे डोळे म्हणाले एकोणचाळीस. आता फक्त 'पूर्ण' हे बटण दाबायचं होतं. माझ्याआधीच्या दोघी त्याच कप्प्यावर ते दाबून मोकळ्या झाल्या होत्या. माझा अंगठा काही खाली जाईना. वेळ संपला. साहेब म्हणाले, बाई, एका बटणापायी नापास झालात. मी म्हटलं, साहेब, जे भरलेलं नाही ते भरलं म्हणून कसं सांगू? तुम्हीच मोजा. ते स्वतः शिडी चढले आणि दोनदा मोजलं. खाली उतरले. माझ्या कागदावरचा शेरा खोडला आणि 'पास' लिहिलं.

नोकरी राहिली. तरी जीव थाऱ्यावर नाही. ते चाळिसावं खोकं अजून मिळालेलं नाही आणि शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. साहेबांना भेटायला रजा टाकू नकोस. टाकलीसच तर जुने कपडे घालून शोधायला ये, फळ्यांखाली धूळ फार आहे.

माझा लोभ मोजत बसू नकोस, तो पुरा आहे.
तुझी आई