दोर ओढायला कोणी नाही

प्रिय जॉयलिन,

तुझी कादंबरी वाचली. शेवटचं पान तर इतक्या वेळा, की पुस्तक आता तिथेच उघडतं. गावाचं नाव बदललंस, माझा डन्स्टन केलास, पण इथे कोणी फसलेलं नाही. मी रस्त्यानं निघालो की पोरं विचारतात, "डन्स्टनशेठ, बाटली कुठे राहिली?" कारण तुझा डन्स्टन अर्धवट होडीच्या सावलीत पीत बसतो. शेवटी कशीबशी पुरी केलेली होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी तो दोर हातात घेऊन उभा राहतो आणि अख्ख्या गावातून एक माणूस ओढायला येत नाही. आपल्या कॅरियाकू बेटावर असं कधी झालंय? इथे सख्खे भाऊ कुंपणावरून कोर्टात जातात, पण होडी उतरायची म्हटली की दोघं एकाच दोराला लागतात. हे तुला मी सांगायचं, म्हणजे कमालच झाली.

राग आला, लपवत नाही. पुस्तक समुद्रात भिरकावायला धक्क्यावर गेलो, तर तुझी आई तिथे मासे साफ करत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "फेक की. पण आधी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव, मग फेक." वाचून दाखवलं. हातातला मासा टोपलीत टाकून ती म्हणाली, "एवढी जाड नाही मी." तेव्हापासून पुस्तक रमच्या दुकानात असतं. कोणीतरी मोठ्यानं वाचतं आणि बाकीचे चुका काढतात. एनोककाकांना तू हात थरथरणारा म्हातारा सुतार केलंस, ते त्यांनी हसून सोडून दिलं. पण शेवटचं पान ऐकल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आम्ही येणार नाही? असं लिहिलं तिनं? आपल्या पोरीनं?" दुसऱ्या दिवशी सकाळी करवत घेऊन ते माझ्या होडीपाशी उभे होते. मागोमाग त्यांचे पुतणे आले, आणि माझ्याशी वर्षभर न बोललेला गॉडफ्रीसुद्धा. म्हणाला, "तुझ्यासाठी नाही आलो. त्या बाईला खोटं पाडायला आलोय."

आता हेही ऐक. त्याआधी होडीची अवस्था तू लिहिलीस तशीच होती. तू टोरोंटोच्या विमानात बसलीस आणि त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. बाबा म्हणाले, "एका पोरीपायी?" मी म्हटलं, "हो, एका पोरीपायी," आणि हट्टानं होडीचा कणा मांडला. सीडरच्या बाकदार फांद्या शोधत डोंगर पालथा घातला, त्यांच्या बरगड्या उभ्या केल्या आणि मग माझ्यातला दम गेला. मदत मागायला तोंड नव्हतं, कारण तोवर अर्ध्या गावाशी भांडून झालं होतं. होडी उन्हात तडकत राहिली आणि एका तपकिरी कोंबडीनं तिच्यात अंडी घातली.

ती कोंबडी तुझ्या पुस्तकात आहे, जॉयलिन. रंगासकट. तू गेलीस तेव्हा होडीही नव्हती आणि कोंबडीही नव्हती. म्हणजे फोनवर तू आईला माझ्याबद्दल विचारत होतीस, आणि नुसतं कसा आहे एवढंच नाही, चांगलं खोदून खोदून. त्या एका ओळीसाठी मी बाकी सगळं पुस्तक माफ केलंय. डन्स्टन सोडून. तो मेंगळट आहे आणि मी नाही.

रेडिओवर ऐकलं, तू राजधानीत, सेंट जॉर्जेसला आली आहेस. पुस्तकातले उतारे वाचणार आणि रविवारी परत जाणार. इकडे यायचं काही बोलली नाहीस. गाव चिडलंय असं कोणीतरी तुला सांगितलं असेल. चिडलंय ना. येशील तेव्हा तोंडावर ऐकवतील, आणि मग मटण नि मक्याची उकड वाढतील. तुझी आई हल्ली मासे नेमके फेरीबोट लागायच्या वेळीच धक्क्यावर आणून साफ करते.

शनिवारी दुपारी होडी उतरणार आहे. पाद्री पाणी शिंपडतील, काका रम शिंपडतील आणि मग होडीखालच्या टेकूंवर कुऱ्हाड पडेल. होडीच्या धर्ममातेनं दोरी ओढली की निशाण उलगडतं आणि त्यावरचं नाव गावाला पहिल्यांदा दिसतं, हे तुला माहीत आहे. निशाण मी स्वतः शिवलंय, म्हणून अक्षरं वाकडी आहेत. नाव तुझं नाही, उगाच फुशारू नकोस. पण धर्ममाता कोण, असं पाद्रींनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं, आणि कोणी हरकत घेतली नाही. गॉडफ्री फक्त थुंकला. मी विनवणी करत नाही. भरती तुझ्यासाठी थांबणार नाही, मीही थांबणार नाही. तुझ्या पुस्तकात कोणीच येत नाही. शनिवारी सगळे येणार आहेत. तू आली नाहीस, तर न आलेली तू एकटीच असशील.

तुझाच, आणि डन्स्टन अजिबात नसलेला,
आल्डन