थरथरणारं पाणी

परळ, मंगळवार

गॅरेजातल्या त्या जुन्या गाडीचं इंजिन आज चालू झालं. मिस्त्रींनी नेहमीसारखा त्यावर पाण्याचा पेला ठेवला; इंजिन तोलात असेल तर पाणी हलत नाही. पाणी थरथरतच राहिलं. पिस्टन तर त्यांनी स्वतः तोलले होते. मग दिवसभर आपल्याच हातांकडे बघत बसले.

चूक माझी. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, होतं तसंच परत बसावं लागतं. धुताना मी त्यावरची खडूची खूण पुसली आणि अंदाजाने बसवलं. सांगितलं तर गावी धाडतील, म्हणून गप्प होतो. पण ते हात बघवेनात. संध्याकाळी सांगून टाकलं.

"गाढवा, मला वाटलं माझाच हात गेला," म्हणाले, आणि पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

उद्या परत खोलायचं, चाक बोल्टच्या एकेका भोकाने सरकवून बसवत बघायचं. पाणी थांबलं की खूण मी करायची. खडूने नाही, लोखंडात पंच ठोकून.