अक्काच्या नंबरवरचा कान

ती. अक्का,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण गुडघा एकदा वाकला की उठवायला शेजारी बोलवावे लागतात, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार. तुझी कंबर कशी आहे? लेकीकडे राहायला गेल्यापासून जिने चढावे लागत नाहीत असं ऐकलं. बरं झालं. माझं ठीक चाललंय, म्हणजे नक्की काय चाललंय हेच मला कळेनासं झालंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुकान बंद केल्यापासून मी घरात शिलाई मशीनशी बोलतो, अशी चहाडी कोणीतरी आमच्या चिरंजिवांकडे केली. त्याने लगेच एक मोठा फोन पाठवला. एकटं वाटलं की आत्याच्या फोटोवर बोट ठेवायचं, आत्या समोर हजर, असं समजावलं. (फोटो तू केस काळे करायचीस तेव्हाचा आहे.) मी बोट ठेवलं, तर पडद्यावर आला एक कान. म्हटलं, अक्कालाही हे यंत्र धरता येत नाही, आणि जरा धीर आला. त्या कानाला मी सगळं सांगितलं. गुडघा, गळका नळ, सूनबाई 'कसे आहात' विचारून उत्तराआधीच फोन ठेवतात ते. पलीकडून नुसतं "बोला". मला 'बोला'! वाटलं, रागावली असशील. पण पुढे मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीस. अक्का आणि ऐकून घेते! वयाने माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही, म्हटलं. तीन मिनिटं झाली की मात्र "वेळ संपली" म्हणून फोन कट. आवाज वेगळा होता खरा, पण तो मी तुझ्या नव्या कवळीच्या नावावर खपवला.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा फोन टेबलावर टेकवून ती कानवाली औषध घ्यायला उठली आणि मला खांदे दिसले. चेहऱ्याचं सोड, माझा चष्मा तुला ठाऊक आहे. पण जन्मभर कोट शिवले, खांद्यात मी फसत नाही. दोन्ही खांदे अगदी सारखे! तुझा डावा बोटभर खाली आहे (मला कडेवर घेऊन हिंडल्यामुळे, असं आई म्हणायची). मी ओरडलोच, "तुम्ही अक्का नाही!" तर शांतपणे म्हणते, "मी कधी म्हटलं?"

बाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर निघाल्या. तू नंबर बदललास, मला कळवला नाहीस, आणि जुना फिरत फिरत त्यांच्याकडे गेला. आयुष्यभर त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली. मध्ये बोलायचं नाही हा नियम आणि तीन मिनिटांनी तोडायचं ही सवय. फोन कानाला न लावता ऐकू येतं यावर त्यांचा विश्वास नाही. चुकीचा फोन आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याशीच बोलत होतं, तोडवेना, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. आता रोज करतो.

तर गोंधळ असा की, बोट ठेवतो तुझ्या तोंडावर, उगवतो त्यांचा कान, आणि बाबा रोज आत्याशी बोलतात म्हणून चिरंजीव खूश. मी त्याला फसवतोय की नाही, मलाच ठरवता येईना. मला बरं वाटतं हे खरं. तुझ्याशी बोललो नाही हेही खरं.

लेक-जावयांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. चिरंजिवाने विचारलं तर आपण रोज बोलतो असं ठोकून दे. उजवा गुडघा, आणि नळ दुरुस्त झाला, एवढं पाठ करून ठेव. नाहीतर तो फोनही दुरुस्त करून टाकेल.

आणखी एक. त्या बाईंसाठी कोट शिवला. मापं पडद्यावरून घेतली (पट्टी खांद्याला धरा म्हटलं, तर कानाला धरली). काल इस्त्री करताना बघतो तो डावा खांदा बोटभर उतरलेला. हात आपल्या मनानेच कापून मोकळे झाले. त्यांना दाखवला, तर म्हणाल्या, हा माझा नाही, ज्यांचा आहे त्यांना जोडून देते, नंबर सांगा. तो माझ्याकडे कुठे आहे?

शेवटचं. कोट तुला पार्सलने पाठवणार होतो, नाही पाठवत. खुंटीवर टांगलाय. नंबर नको कळवूस अक्का, तूच ये. बसतो का ते बघायचंय.